बॅकअप सॉफ्टवेअरचे अपग्रेड आणि दुसऱ्या ड्राइव्हवर स्थलांतर

सर्व्हरवरचे बॅकअप सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर नेणे आणि ते दुसऱ्या ड्राइव्हवर हलवणे ही दोन कामे बहुतेक वेळा एकदमच समोर येतात. जुना ड्राइव्ह भरत आलेला असतो, नवी आवृत्ती अधिक जागा मागत असते, आणि नवा ड्राइव्ह बसवलाच आहे तर दोन्ही एकाच रात्रीत उरकून घ्यावे असे वाटू लागते. तसे करू नये, हे या लेखातले सर्वांत महत्त्वाचे सांगणे आहे. दोन्ही बदल एकत्र केले आणि सकाळी जॉब (बॅकअपचे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारे काम) अपयशी ठरलेला दिसला, तर दोष नव्या आवृत्तीचा आहे की नव्या पाथचा (फाइलींच्या ठिकाणाचा), परवानग्यांचा आहे की डेटाबेसचा, हे ओळखता येत नाही. शिवाय मागे फिरायचे ठरवले तर नेमके कुठवर फिरायचे हेही कळत नाही. म्हणून एक काम पूर्ण करावे, त्यानंतर प्रत्यक्ष रिस्टोअर करून, म्हणजे बॅकअपमधून फाइली परत आणून पाहावे, एक फुल (संपूर्ण) बॅकअप आणि त्यावरचे रोजचे इन्क्रिमेंटल (केवळ बदलांचे) असे किमान एक चक्र सुरळीत जाऊ द्यावे, आणि मगच दुसऱ्या कामाला हात घालावा.

काय कुठे आहे ते आधी पाहावे

ज्याला आपण बॅकअप सॉफ्टवेअर म्हणतो ते खरे तर तीन वेगळ्या गोष्टींचे मिळून बनलेले असते. एक म्हणजे प्रोग्रॅम, अर्थात इन्स्टॉलरने टाकलेल्या फाइली आणि पार्श्वभूमीत चालणाऱ्या सर्व्हिसेस. दुसरा कॅटलॉग, म्हणजे कोणती फाइल कोणत्या तारखेच्या बॅकअपमध्ये आहे, जॉब कोणते, त्यांचे वेळापत्रक काय, प्रती किती दिवस ठेवायच्या आणि कोणत्या खात्याने कोणत्या मशिनवर लॉगिन करायचे, हे सगळे सांभाळणारा डेटाबेस. तिसरा साठा, ज्याला रिपॉझिटरी म्हणतात, म्हणजे बॅकअपच्या प्रत्यक्ष फाइली. साठा सुरक्षित आहे पण कॅटलॉग गेला, तर अनेक सॉफ्टवेअरमध्ये साठा पुन्हा वाचून कॅटलॉग उभा करता येतो, परंतु त्याला तासन्‌तास लागतात आणि जॉबची मांडणी बहुधा हातानेच पुन्हा करावी लागते. या तिघांचे पाथ वेगवेगळे असू शकतात, आणि हलवण्याची रीत तर वेगळी असतेच. त्यामुळे कोणता भाग कोणत्या ड्राइव्हवर, कोणत्या फोल्डरमध्ये आणि किती जागा व्यापून आहे याची नोंद कागदावर उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ही नोंद करताना पुष्कळदा लक्षात येते की सी ड्राइव्ह भरण्याचे कारण प्रोग्रॅम नाहीच. प्रोग्रॅमच्या फाइली तुलनेने लहान असतात. जागा खातात ते वर्षानुवर्षांचे लॉग (घडामोडींच्या नोंदी), तात्पुरत्या फाइलींचे फोल्डर, फाइलींच्या अनुक्रमणिका आणि डेटाबेसचा ट्रान्झॅक्शन लॉग (त्यातल्या प्रत्येक बदलाची नोंद). यांचे पाथ सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधून बदलता येत असतील तर प्रोग्रॅम जागच्या जागी राहू द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रोग्रॅम हलवण्यात मिळकत थोडी आणि धोका जास्त असतो, कारण त्याचा पाथ रजिस्ट्रीमध्ये (विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात), सर्व्हिसच्या व्याख्येत, फायरवॉलच्या नियमांत आणि इतरांनी कधीकाळी लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये विखुरलेला असतो. प्रोग्रॅम हलवायचाच असेल तर कॅटलॉग बाजूला सुरक्षित ठेवून, जुने अनइन्स्टॉल करून, त्याच आवृत्तीचे इन्स्टॉलेशन नव्या ड्राइव्हवर नव्याने करावे आणि मग कॅटलॉग परत घालावा. प्रोग्रॅमचे फोल्डर उचलून दुसरीकडे पेस्ट करणे हा मार्ग नव्हे.

आणखी एक गोष्ट याच टप्प्यावर तपासावी. विंडोजवरची अनेक बॅकअप सॉफ्टवेअर आपला कॅटलॉग मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या मोफत एक्स्प्रेस आवृत्तीत ठेवतात, आणि या आवृत्तीत एका डेटाबेसच्या डेटा फाइलींना मर्यादा असते: एसक्यूएल सर्व्हर २०२२ पर्यंत १० जीबीची, २०२५ मध्ये ५० जीबीची. कॅटलॉग या मर्यादेला टेकला असेल तर कितीही मोठा ड्राइव्ह आणला तरी जॉब अडखळतच राहतील. तिथे उपाय वेगळा आहे: जुन्या नोंदी कमी करणे, डेटाबेसची पूर्ण आवृत्ती घेणे किंवा सॉफ्टवेअर मुभा देत असेल तर पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या मोफत डेटाबेसकडे वळणे.

आधी कोणते काम करावे

जुना ड्राइव्ह निरोगी असेल आणि त्यावर अपग्रेडपुरती मोकळी जागा असेल, तर आधी अपग्रेड करावे आणि नंतर स्थलांतर. अनेक इन्स्टॉलर अपग्रेडच्या वेळी पाथ बदलू देत नाहीत आणि जुने घटक जिथे होते तिथेच सापडावेत अशी त्यांची अपेक्षा असते. हललेले फोल्डर त्यांना सापडले नाही तर ते नवे, रिकामे इन्स्टॉलेशन करून मोकळे होऊ शकतात. याउलट ड्राइव्हच्या स्मार्ट नोंदींमध्ये (ड्राइव्ह स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवतो त्या) खराब सेक्टर वाढताना दिसत असतील, किंवा जागा इतकी कमी असेल की डेटाबेसच्या रूपांतरासाठी लागणारी तात्पुरती प्रतही मावणार नाही, तर आधी स्थलांतर करावे, तेही सध्याच्या, ओळखीच्या आवृत्तीवर. जागेचा अंदाज घेताना कॅटलॉगच्या आकाराच्या किमान दुप्पट जागा मोकळी धरावी, कारण रूपांतर चालू असताना जुनी आणि नवी रचना काही काळ शेजारीशेजारी नांदतात आणि ट्रान्झॅक्शन लॉगही त्याच वेळी फुगतो.

अपग्रेडपूर्वीची तयारी

अपग्रेडमधला सर्वांत मोठा धोका हा की बरेचसे बदल एकाच दिशेने होतात. एसक्यूएल सर्व्हरच्या नव्या आवृत्तीने एकदा उघडलेला डेटाबेस जुन्या आवृत्तीला पुन्हा जोडता येत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलच्या एका मुख्य आवृत्तीची डेटा डिरेक्टरी दुसऱ्या मुख्य आवृत्तीला वाचता येत नाही. त्यासाठी डम्प, म्हणजे सगळ्या डेटाची बाहेर काढलेली प्रत, घेऊन भरावा लागतो किंवा पीजी-अपग्रेड हे साधन वापरावे लागते. साठ्याच्या रचनेचेही तसेच आहे. रेस्टिक या बॅकअप साधनाने २०२२ मध्ये ०.१४ या आवृत्तीत कॉम्प्रेशनसह रिपॉझिटरीची दुसरी रचना आणली. त्या रचनेत नेलेली रिपॉझिटरी ०.१४ पूर्वीच्या प्रोग्रॅमला वाचता येत नाही. म्हणजे मुख्य सर्व्हरवर रेस्टिक नवे केले, रचना बदलली, आणि एखाद्या कोपऱ्यातल्या मशिनवर जुनेच राहिले, तर त्या मशिनचा बॅकअप त्याच दिवशी थांबतो. म्हणून प्रोग्रॅम अपग्रेड करणे आणि साठ्याची रचना बदलणे हेदेखील दोन वेगळे टप्पे मानावेत, आणि दुसऱ्याची घाई करू नये.

यामुळे मागे फिरण्याचा रस्ता आधीच बांधून ठेवावा लागतो. सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या सोयीने कॉन्फिगरेशनची प्रत घ्यावी, आणि शिवाय सर्व्हिसेस थांबवून डेटाबेसची स्वतंत्र प्रतही घ्यावी. या दोन्ही प्रती त्याच सर्व्हरवर ठेवण्यात काही अर्थ नाही. त्या दुसऱ्या मशिनवर न्याव्यात. कॉन्फिगरेशनच्या प्रतीबाबत एक बारकावा आहे. उदाहरणार्थ व्हीम या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये कॉन्फिगरेशनचा बॅकअप एन्क्रिप्ट केलेला नसेल तर त्यात जतन केलेले पासवर्ड येत नाहीत, आणि ते परत भरताना प्रत्येक खात्याचा पासवर्ड नव्याने द्यावा लागतो. म्हणून हा बॅकअप एन्क्रिप्ट करावा आणि त्याचा पासवर्ड सर्व्हरबाहेर, दोन जबाबदार व्यक्तींना सापडेल अशा जागी ठेवावा.

एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा. बोर्ग हे बॅकअप साधन वापरत असाल तर किल्ली रिपॉझिटरीतच ठेवली आहे की वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधल्या फाइलीत, हे आधी पाहावे. दुसऱ्या पद्धतीत साठा नव्या ड्राइव्हवर व्यवस्थित पोहोचतो, पण सर्व्हर बदलताना किल्लीची फाइल मागे राहिली तर साठा असून नसल्यासारखा होतो. किल्ली निर्यात करून तिची छापील प्रत काढून ठेवणे हा जुना पण भरवशाचा उपाय आहे.

सर्व्हर आभासी असेल तर अपग्रेडपूर्वी त्याचा स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घ्यावा, मात्र तो बॅकअपची जागा घेऊ शकत नाही आणि काम पार पडल्यावर तो काढून टाकायचा असतो. आठवडेन्‌आठवडे ठेवलेला स्नॅपशॉट वाढत जाऊन मूळ साठ्याचीच जागा खातो. यानंतर नव्या आवृत्तीची प्रकाशन टिपणे पूर्ण वाचावीत. सध्याच्या आवृत्तीवरून थेट उडी मारता येते की मधल्या आवृत्तीवर थांबावे लागते, कोणती ऑपरेटिंग सिस्टीम चालते, जुन्या एजंटांना (बॅकअप घ्यायच्या मशिनवर बसवलेल्या छोट्या प्रोग्रॅमना) आधार आहे का, परवाना नव्या आवृत्तीला लागू आहे का, या प्रश्नांची उत्तरे तिथेच मिळतात. ऑपरेटिंग सिस्टीमचा मुद्दा दुर्लक्षिला जातो. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ ची विस्तारित सेवा १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली आणि एसक्यूएल सर्व्हर २०१४ ची ९ जुलै २०२४ रोजी. सर्व्हर अजून यांवरच असेल तर बॅकअप सॉफ्टवेअरच्या अपग्रेडआधी त्याखालचा पाया बदलण्याचे काम उभे राहते.

प्रत्यक्ष अपग्रेड

कामाची वेळ अशी निवडावी की त्या दरम्यान एकही जॉब सुरू होणार नाही, आणि केवळ वेळापत्रकावर विसंबून न राहता सर्व जॉब स्पष्टपणे निलंबित करावेत. चालू जॉब मध्येच मारू नये. तो संपू द्यावा. त्यानंतर सर्व्हिसेस थांबवाव्यात, टास्क मॅनेजरमध्ये एखादी प्रक्रिया रेंगाळत नाही ना हे पाहावे, आणि शेवटची डेटाबेस प्रत याच क्षणी घ्यावी.

घटकांचा क्रम बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सारखाच असतो: आधी मध्यवर्ती सर्व्हर, मग साठा सांभाळणारे सर्व्हर, आणि शेवटी एजंट. नवा सर्व्हर जुन्या एजंटाशी बोलू शकतो, पण जुन्या सर्व्हरला नव्या एजंटाची भाषा समजेलच असे नाही. बाक्युला या सॉफ्टवेअरमध्ये तर डायरेक्टर (मध्यवर्ती सर्व्हर) आणि स्टोरेज डेमन (साठा सांभाळणारा) एकाच आवृत्तीचे असावे लागतात, आणि फाइल डेमन, म्हणजे एजंट, मागच्या आवृत्तीचा चालतो, पुढच्या नाही. ज्या मशिनवर एजंट आपोआप अद्ययावत होतो तिथे हा क्रम नकळत उलटतो, म्हणून अशी सोय काम होईपर्यंत बंद ठेवावी.

डेटाबेसचे रूपांतर सुरू झाल्यावर प्रगतिदर्शक पट्टी बराच वेळ एकाच जागी दिसू शकते. कॅटलॉग मोठा असेल तर हे स्वाभाविक आहे. या वेळी इन्स्टॉलर बंद करणे किंवा सर्व्हर रीस्टार्ट करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक ठरते, कारण अर्धवट रूपांतरित डेटाबेस जुन्या आवृत्तीलाही वाचता येत नाही आणि नव्यालाही. इन्स्टॉलरच्या लॉग फाइलीत नवी ओळ येते आहे का, डिस्कवर लिहिणे चालू आहे का, हे पाहावे आणि थांबावे.

अपग्रेड झाल्यावर सर्व जॉब एकदम सुरू करू नयेत. आधी जुन्या आवृत्तीने घेतलेल्या बॅकअपमधून एक फाइल नव्या आवृत्तीने रिस्टोअर करावी, मग एक लहान जॉब चालवावा आणि त्याच्या निष्पत्तीतूनही रिस्टोअर करावे. रिस्टोअर नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये करावे, आणि मूळ फाइलीचा व परत आलेल्या फाइलीचा शा-२५६ हॅश (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ठसा) ताडून पाहावा. जॉबसमोरची हिरवी खूण पुरेशी मानू नये.

हिरवी खूण का पुरेशी नाही आणि लाल खूणही का पोहोचेलच असे नाही, याचे जाहीर नोंदीतले उदाहरण गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीचे आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली, आणि बॅकअप शोधायला गेल्यावर रोजचे डम्प मुळात तयारच होत नव्हते असे दिसले. डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल ९.६ वर होता आणि डम्प घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा चालत होता. आवृत्ती जुळत नसल्याने तो त्रुटी देऊन थांबत असे. त्या त्रुटीचे ईमेलही जात होते, पण पाठवणाऱ्याच्या ओळखीची पडताळणी न झाल्याने ते नाकारले जात होते. अखेर योगायोगाने काही तास आधी घेतलेल्या एका स्नॅपशॉटवरून सेवा उभी राहिली आणि सुमारे सहा तासांचा डेटा गेला. त्या कंपनीने हे सारे स्वतःहून सविस्तर प्रसिद्ध केले, ही तिची इतरांवर मोठीच कृपा आहे. अपग्रेडनंतर मी मुद्दाम एक जॉब अपयशी पाडतो, म्हणजे नसलेला पाथ देऊन चालवतो, आणि सूचनेचा ईमेल खरोखर माणसाच्या हाती पडतो का ते पाहतो. पाच मिनिटांचे हे काम कधीही वगळू नये.

नवा ड्राइव्ह तयार करणे

नवा ड्राइव्ह नवा आहे म्हणून निर्दोष असतोच असे नाही. त्यावर डेटा टाकण्यापूर्वी स्मार्टची विस्तारित चाचणी चालवावी. काही टेराबाइटच्या ड्राइव्हला त्यासाठी बरेच तास लागतात आणि ते आधीच हिशेबात धरावे. ड्राइव्ह कोणत्या तंत्राचा आहे हेही पाहावे. एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणारे, म्हणजे एसएमआर प्रकारचे ड्राइव्ह स्वस्त आणि मोठे मिळतात, पण दीर्घकाळ सलग आणि पुनःपुन्हा लिहिताना त्यांचा वेग खूप खाली येतो. डिडुप्लिकेशन करणाऱ्या, म्हणजे सारखे तुकडे एकदाच ठेवणाऱ्या, साठ्यासाठी ते मी निवडणार नाही.

दोन टेराबाइटपेक्षा मोठा ड्राइव्ह एमबीआर पद्धतीने विभागला तर त्यापुढची जागा दिसत नाही, म्हणून जीपीटी ही विभागणीची नवी पद्धतच वापरावी. बाहेरून जोडायचे ड्राइव्ह पुष्कळदा एक्सफॅट या फाइल सिस्टीममध्ये (फाइली मांडण्याच्या पद्धतीत) फॉरमॅट केलेले येतात. एक्सफॅटमध्ये विंडोजच्या फाइल परवानग्याही टिकत नाहीत आणि हार्ड लिंकही (एकाच फाइलीला अनेक नावे देण्याची सोय) नसतात, म्हणून असा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी एनटीएफएस, आरईएफएस किंवा लिनक्सवर एक्सएफएस वा एक्सटीफोर असा फॉरमॅट करावा. आरईएफएस निवडल्यास क्लस्टरचा आकार ६४ केबी ठेवावा, कारण बॅकअपच्या मोठ्या फाइलींना तोच मानवतो.

फाइल सिस्टीमची निवड जागेच्या हिशेबावर थेट परिणाम करते. आरईएफएस आणि एक्सएफएस यांवर काही सॉफ्टवेअर नवा फुल बॅकअप बनवताना जुनेच ब्लॉक पुन्हा वापरतात, त्यामुळे दहा फुल बॅकअप असूनही जागा थोडीच लागते. हा साठा साध्या कॉपीने दुसरीकडे नेला की ही भागीदारी तुटते आणि प्रत्येक फाइल आपला पूर्ण आकार घेते. विंडोजचे डिडुप्लिकेशन चालू असलेल्या व्हॉल्यूमचेही असेच होते: रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करण्याच्या आज्ञेने नेताना फाइली पूर्ववत फुगतात. तीन टेराबाइट वापरलेले दिसणारा साठा नव्या ड्राइव्हवर आठ टेराबाइट मागू शकतो. म्हणून वापरलेल्या जागेचा आकडा न घेता सर्व फाइलींच्या आकारांची बेरीज घ्यावी, आणि सॉफ्टवेअरमध्ये साठा हलवण्याची स्वतःची सोय असेल तर तीच वापरावी, कारण अशी सोय ही ब्लॉकांची भागीदारी जपू शकते की नाही हे तिच्या दस्तऐवजात दिलेले असते.

वेळेचा हिशेब साधा आहे. सेकंदाला १५० एमबीचा टिकाऊ वेग धरला तर चार टेराबाइट हलायला सुमारे साडेसात तास लागतात. एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून, सेकंदाला ११० एमबी धरून, सुमारे दहा तास. लहान फाइली लक्षावधींनी असतील तर हे आकडे कैक पटींनी वाढतात. रात्रीच्या मोकळ्या वेळेत हे मावत नसेल तर कॉपी दोन फेऱ्यांत करावी: पहिली फेरी जुने, न बदलणारे बॅकअप हलवण्यासाठी, जॉब चालू नसलेल्या वेळांत, दुसरी फेरी सर्व्हिसेस पूर्ण थांबवून, केवळ फरक नेण्यासाठी. डिडुप्लिकेशनच्या साठ्याला मात्र ही सवलत नाही, कारण त्यातले सर्व तुकडे एकमेकांशी जुळलेले असावे लागतात. शेवटची फेरी सर्व्हिसेस थांबवूनच आणि पूर्ण साठ्याची तुलना करूनच व्हावी.

कॉपी आणि पाथ बदलणे

विंडोजवर रोबोकॉपी हे भरवशाचे साधन आहे. परवानग्या, मालकी आणि वेळेचे शिक्के यांसह सर्व काही नेणारा कॉपीऑल हा पर्याय द्यावा आणि लॉग फाइलीत लिहिण्यास सांगावे. पुनर्प्रयत्नांची संख्या स्वतः ठरवून द्यावी, कारण ती न दिल्यास रोबोकॉपी एका फाइलीसाठी दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करत बसते. एक अडकलेली फाइल संपूर्ण रात्र खाऊन टाकते. आरसा करणारा मिर हा पर्याय गंतव्यावरच्या जास्तीच्या फाइली पुसतो, म्हणून स्रोत आणि गंतव्य यांची अदलाबदल झाली तर तो जुना साठाच पुसून टाकेल. तो वापरण्यापूर्वी केवळ यादी दाखवणारी चाचणी फेरी घ्यावीच.

लिनक्सवर आरसिंक ही कॉपीची आज्ञा वापरताना आर्काइव्ह पर्यायाबरोबर हार्ड लिंक, एसीएल (परवानग्यांची सविस्तर यादी) आणि विस्तारित गुणधर्म जपणारे पर्याय वेगळे द्यावे लागतात. हार्ड लिंकचा पर्याय राहिला तर आरस्नॅपशॉटसारख्या साधनाचा साठा, ज्यात न बदललेल्या फाइली लिंकने जोडलेल्या असतात, गंतव्यावर अनेक पटींनी फुगतो आणि ड्राइव्ह अर्ध्यातच भरतो.

पाथ बदलण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात सॉफ्टवेअरमध्ये नवा पाथ नोंदवून साठा पुन्हा तपासायला लावायचा असतो. दुसऱ्यात ड्राइव्हचे अक्षर किंवा तो माउंट करण्याची (फोल्डर म्हणून जोडण्याची) जागा अशी ठेवायची असते की सॉफ्टवेअरला बदल जाणवतच नाही: जुन्या ड्राइव्हचे अक्षर नव्याला द्यायचे, किंवा जुन्या फोल्डरच्या जागी नव्याकडे नेणारे जंक्शन ठेवायचे. संपूर्ण ड्राइव्हच बदलत असेल तर अक्षर अदलाबदल करणे सर्वांत स्वच्छ असते. जंक्शन मात्र तात्पुरते म्हणून लावले जाते आणि कायम राहते, आणि तीन वर्षांनी दुसऱ्या कोणाला तरी जागा नेमकी कुठे जाते आहे हे कळत नाही. म्हणून ज्या सॉफ्टवेअरमध्ये पाथ नीट बदलता येतो तिथे मी जंक्शन टाळतो.

नवा पाथ देताना काही गोष्टी हमखास अडवतात. डेटाबेस सर्व्हर ज्या सेवाखात्याखाली चालतो त्याला नव्या फोल्डरवर अधिकार नसतील तर डेटाबेस सुरूच होत नाही. लिनक्सवर एसईलिनक्स ही जादा सुरक्षाव्यवस्था चालू असेल तर नव्या फोल्डरला योग्य लेबल लावावे लागते, नाहीतर परवानग्या बरोबर असूनही प्रवेश नाकारला जातो. अँटिव्हायरसमधून वगळलेल्या फोल्डरांची यादी जुन्या पाथवर असते. ती न बदलल्यास प्रत्येक बॅकअप फाइल लिहिताना तपासली जाते आणि जॉब संथ होतो. बोर्गच्या बाबतीत रिपॉझिटरीची जागा बदलली की तो सावधगिरी म्हणून विचारणा करतो, आणि क्रॉनमधून (लिनक्सच्या वेळापत्रकातून) चालणाऱ्या जॉबमध्ये उत्तर द्यायला कोणी नसल्याने जॉब थांबतो. म्हणून स्थलांतरानंतर एकदा हाताने आज्ञा चालवून ती विचारणा मान्य करावी. क्रॉन ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो त्याच वापरकर्त्याने हे करावे लागते.

लिनक्सवरचा एक धोका मी स्वतः अनुभवला आहे. नवा ड्राइव्ह माउंट करून सर्व जॉब तपासले होते, पण काही दिवसांनी सर्व्हर रीस्टार्ट झाला तेव्हा तो ड्राइव्ह माउंट झालाच नाही. माउंटची रिकामी जागा साध्या फोल्डरसारखी उपलब्ध राहिली, जॉब यशस्वी होत राहिले आणि बॅकअप मूळ डिस्कवरच लिहिले जात राहिले, ती भरून सर्व्हर अडेपर्यंत. त्यानंतर मी तीन गोष्टी नेहमी करतो. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणते ड्राइव्ह जोडायचे याच्या यादीत) ड्राइव्हची नोंद त्याच्या यूयूआयडीने, म्हणजे कायम ओळखक्रमांकाने करतो, कारण उपकरणाचे नाव रीस्टार्टनंतर बदलू शकते. ड्राइव्ह माउंट नसतानाच त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर या आज्ञेने अपरिवर्तनीय करतो, म्हणजे त्यात काही लिहिताच येत नाही आणि जॉब गुपचूप यशस्वी होण्याऐवजी उघडपणे अपयशी होतो. आणि स्थलांतर संपले असे म्हणण्यापूर्वी सर्व्हर एकदा मुद्दाम रीस्टार्ट करतो.

स्थलांतरानंतरचे पहिले आठवडे

साठा नव्या ठिकाणी ओळखला गेला तरी जुन्या प्रती मुदतीनुसार पुसण्याची प्रक्रिया लगेच चालू करू नये. काही सॉफ्टवेअर हललेला साठा आयात करताना जुन्या साखळीशी त्याचा संबंध जोडू शकत नाहीत आणि नवा फुल बॅकअप सुरू करतात. त्यासाठी जागा राखून ठेवावी, आणि जुनी साखळी कोणत्या नियमाने पुसली जाणार हे समजेपर्यंत पुसणे थांबवावे. पहिल्या आठवड्यात सर्वांत जुन्या बॅकअपमधून, मधल्या एखाद्या इन्क्रिमेंटलमधून आणि स्थलांतरानंतरच्या पहिल्या बॅकअपमधून अशी तीन रिस्टोअर करून पाहावीत. मधल्या इन्क्रिमेंटलमधून रिस्टोअर होणे महत्त्वाचे आहे, कारण त्यासाठी साखळीतला प्रत्येक दुवा शाबूत असावा लागतो. साठा तपासण्याची आज्ञा सॉफ्टवेअरमध्ये असेल तर ती डेटा प्रत्यक्ष वाचण्याच्या पर्यायासह एकदा पूर्ण चालवावी. केवळ अनुक्रमणिका तपासणारी जलद फेरी कॉपीतली चूक पकडत नाही.

मोकळ्या जागेवर नजर ठेवणारी सूचना अजून जुन्या ड्राइव्हवरच लागलेली असते. ती नव्यावर लावावी. साठ्याची दुसरी प्रत दुसरीकडे नेणारा जॉब असेल तर त्याचाही स्रोत बदलला आहे का ते पाहावे, कारण जुना ड्राइव्ह अजून जोडलेला असल्यामुळे तो जॉब कोणतीही तक्रार न करता जुनाच साठा नेत राहतो.

जुना ड्राइव्ह किमान एक पूर्ण मुदतचक्र, म्हणजे सर्वांत जास्त काळ ठेवायच्या मासिक प्रतींपैकी निदान एक नव्या ड्राइव्हवर तयार होऊन तपासली जाईपर्यंत, न बदलता ठेवावा. तो केवळ वाचनीय करून, शक्य असल्यास सर्व्हरपासून सोडवून ठेवावा, म्हणजे रॅन्समवेअरसारखा हल्ला झाला तरी ती प्रत हाताबाहेर राहते. ही मुदत संपली आणि तो ड्राइव्ह दुसऱ्या कामाला द्यायचा झाला, की नुसते फॉरमॅट करून देऊ नये. त्यावर संपूर्ण सर्व्हरचा डेटा असतो आणि जलद फॉरमॅटनंतर तो सहज परत मिळवता येतो. फिरत्या ड्राइव्हवर पूर्ण पृष्ठभागावर एकदा लिहून घ्यावे, एसएसडीवर उत्पादकाने दिलेली सुरक्षित पुसण्याची आज्ञा वापरावी, आणि नंतर देखभालीच्या नोंदवहीत नवी आवृत्ती, नवे पाथ, किल्ल्यांची जागा आणि जुना ड्राइव्ह पुसल्याची तारीख लिहून ठेवावी.